33 इंची स्टेपनी, जुनी गाडी: दोन महिने दरवाजावर, सहा महिने बंपरवर

निकाल आधीच सांगायचा तर, मोठी स्टेपनी जुन्या गाडीला वजनाने मारत नाही, हलण्याने मारते. चाळीस किलो घट्ट बसलेले असतील तर जुना पत्राही बराच काळ सोसतो. तेच वीस किलो दोन मिलिमीटर डुलत असतील तर आधी बिजागरी, मग लॅच आणि शेवटी पत्रा, असं एकेक करून खातात. खालचा सगळा हिशोब याच एका गोष्टीभोवती फिरतो.

गाडी कोणत्या प्रकारची ते आधी. आखूड व्हीलबेस, वेगळी चासी आणि तिच्यावर रबरी गाद्यांवर बसलेली बॉडी, मागचा दरवाजा बाजूला उघडणारा आणि स्टेपनी त्याच दरवाजावर. मूळ टायर 215/75 आर 15, म्हणजे सुमारे 704 मिमी व्यासाचा. लोखंडी डिस्कसकट (म्हणजे रिमसकट) वीस-बावीस किलो. आता 33×12.5 आर 15, आठ इंच रुंद लोखंडी डिस्कवर. 33 इंच म्हणजे कागदावर 838 मिमी, पण हवा भरून मोजला तर 825 च्या आसपास भरतो. बहुतेक ऑफ-रोड टायर नावापेक्षा थोडे लहानच निघतात, म्हणून जागेचं माप कागदावरून नको, टायर उभा करून घ्यावं. वजन काट्यावर 38 किलो. 35 इंची टायर जाड लोखंडी डिस्कवर घेतला तर हाच आकडा सहज 42–45 होतो.

मूळची छोटी स्टेपनीच ठेवली तर काय बिघडतं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. दोन्ही व्यासांत सुमारे 17 टक्क्यांचा फरक आहे. एकाच ॲक्सलवर असे दोन टायर आले की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचे) आतले गिअर सतत फिरत राहतात. लिमिटेड स्लिप (वेगातला हा फरक रोखू पाहणारं डिफरन्शियल) असेल तर त्याच्या प्लेटा तापतात, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारं) असेल तर विषयच संपला. पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह (गरजेपुरते पुढचे-मागचे ॲक्सल एकत्र जखडणारं) लावलं तर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ भरतो. अगदीच नाइलाज झाला तर छोटा टायर पुढच्या ॲक्सलवर घालायचा, तिथला चांगला टायर मागे न्यायचा आणि फक्त टू व्हीलमध्ये सावकाश बाहेर यायचं. पण पंक्चर होतं ते चिखलात किंवा दगडांत, म्हणजे नेमकी फोर व्हील लागते तिथेच. त्यामुळे पाचवा टायर बाकीच्या चारांच्याच मापाचा हवा, यात तडजोड नाही.

जागेचे बाकीचे पर्याय पटकन. टपावर टायर नेला की गुरुत्वमध्य वर जातो, तिरक्या वाटेवर गाडी लगेच जाणवण्याइतकी कलते, आणि 38 किलो टपावरून एकट्याने उतरवणं म्हणजे पाठीशी वैर. आत ठेवला तर डिकी संपली. शिवाय चारही बाजूंनी रॅचेट पट्ट्यांनी आवळला नाही तर जोराच्या ब्रेकला तो पुढच्या सीटवर येणार. लँड क्रूझर 80 सारख्या गाड्यांत स्टेपनी बुडाखाली साखळीवर टांगलेली असते. तिथे मोठा टायर घातला की तो खाली लोंबतो आणि उतारावरून उतरताना तोच आधी जमिनीला टेकतो. म्हणून उरतो दरवाजा किंवा बंपर.

पहिले दोन महिने टायर दरवाजावरच होता, मूळ ब्रॅकेट 60 मिमी वर घेऊन. वर घ्यावंच लागतं. टायरच्या त्रिज्येत (इथे 412 मिमी) किमान 25 मिमी मोकळी जागा धरली तर चाकाचं केंद्र बंपरच्या वरच्या कडेपासून 437 मिमी वर हवं. ही जागा सोडली नाही तर गाडी आपटताना टायर बंपरवर बसतो आणि झटका उलटा बिजागरीत जातो.

इथे पहिली अडचण आली ती उंचीची नाही, बॅकस्पेसिंगची. डिस्कचा बसण्याचा पृष्ठभाग ते तिची आतली कड हे अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग. मोठ्या टायरसाठी घेतलेल्या डिस्कचं ते बहुधा कमी असतं, इथे 95 मिमी. चाकावर असताना त्यामुळे टायर फेंडरच्या बाहेर जातो, तसाच स्टेपनीच्या जागी तो दरवाजापासून लांब राहतो. दरवाजावरच्या ज्या दोन रबरी ठोकळ्यांवर टायर दाबून बसायला हवा, त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. वरून नट कितीही आवळा, टायर हवेत. गाडी चालू झाली की सगळा भार मधल्या ब्रॅकेटवर आणि त्याच्यामागच्या मिलिमीटरभर पत्र्यावर. उलटही होतं: डिस्कचं बॅकस्पेसिंग जास्त आणि टायर रुंद असेल तर टायर ठोकळ्यांवर आधी टेकतो, डिस्क ब्रॅकेटवर बसतच नाही आणि स्टडचे जेमतेम तीन-चार आटे नटात जातात. अर्ध्या इंची स्टडला किमान 12–13 मिमी आटे पकडलेले असावेत.

उपाय सोपा आहे, पण घाईत राहून जातो. टायर लावायचा, नट फक्त बोटाने फिरवायचे, टायर आणि ठोकळा यांतलं अंतर चारही बाजूंनी मोजायचं. मग ठोकळ्याखाली वॉशर किंवा नायलॉनची चकती घालून तो इतका उंच करायचा की नट पूर्ण आवळल्यावर रबर 3–4 मिमी दबेल. त्याहून जास्त दाबलं तर दरवाजाचा पत्रा आत वाकतो. ठोकळा कडक रबराचा हवा. मऊ स्पंज काही आठवड्यांत चपटा होतो.

एवढं करूनही दुसऱ्या महिन्याअखेर वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यात रंगाला केसाएवढी चीर दिसली. गणित मांडलं तर नवल वाटत नाही. चाकाचं केंद्र बिजागरीच्या रेषेपासून सुमारे 550 मिमी, दोन बिजागऱ्यांमध्ये 300 मिमी. दरवाजा उघडा असताना वरच्या बिजागरीवरची ओढ: 38 गुणिले 550 भागिले 300, म्हणजे सुमारे 70 किलो. मूळ टायरला ती 40 होती. बंद दरवाजाला लॅच थोडा हात देतो, पण खड्ड्यात झटका तिप्पट धरला तर आकडा दोनशेपार जातो. बिजागरीचे बोल्ट धरतात, त्यांच्याखालचा पत्रा धरत नाही. आतून 4 मिमीची आधारपट्टी घातली तर चीर थांबते खरी, पण पुढची कमकुवत जागा चौकटीच्या खांबावर सापडते. 31 इंचापर्यंत, ठोकळे नीट बसवून आणि आतून पट्टी घालून, दरवाजा पुरतो असं माझं मत. 33 ला तो सीमेवर आहे. 35 त्यावर लावू नये.

चीर दिसलीच तर तिच्या टोकाला 3 मिमीचं भोक पाडायचं, मग वेल्ड करून वरून पट्टी लावायची. भोक न पाडता नुसतं वेल्ड केलं तर ती शेजारून पुन्हा निघते.

नंतरचे सहा महिने बंपरवरचा फिरता हात, म्हणजे स्टेपनी धरणारा आणि बाजूला उघडणारा कॅरिअर. बंपर 5 मिमी प्लेटचा, हात 50×50 च्या चौकोनी पाइपचा, तो ज्यावर फिरतो तो खुंटा 32 मिमीचा. बंपर मागच्या आडव्या चॅनलला नुसता बोल्ट केलेला नाही, दोन्ही बाजूंनी चासीच्या लांब उभ्या तुळयांपर्यंत पट्ट्या गेल्या आहेत. हे घेताना हटकून पाहावं. आडवा चॅनल जुन्या गाडीत आतून गंजलेला असतो, आणि हाताचा सगळा पीळ तिथेच येतो. हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकून बघा: चांगला पत्रा टणटण वाजतो, गंजलेला थबथब.

खुंट्याचे दोन प्रकार मिळतात. एकात पितळी किंवा प्लास्टिकचा बुश आणि ग्रीस निपल. दुसऱ्यात ट्रेलरच्या चाकासारख्या दोन टेपर रोलर बेअरिंगा. बुश स्वस्त, साधा, पण झिजला की आवळता येत नाही, बदलावाच लागतो. बेअरिंग आवळता येते म्हणून तीच घेतली. चाकाच्या बेअरिंगला किंचित मोकळीक ठेवतात, कारण ती वेगात फिरून तापते. हा हात तर फार तर दिवसातून दोनदा नव्वद अंश फिरतो, त्यामुळे मोकळीक ठेवायचीच नाही: नट आवळत हात पुढे-मागे फिरवायचा, फिरताना किंचित जड लागेल तिथे थांबून कॉटर पिन घालायची. तिसऱ्या महिन्यात एकदा पुन्हा आवळावं लागलं, नंतर नाही.

बेअरिंगची एक खोड मात्र आहे. ती आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी राहून नुसती थरथरत असते, त्यामुळे रोलर जिथे टेकलेले असतात तिथे कपात (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) बारीक खळगे पडू शकतात. मग हात बंद स्थितीपाशी किंचित अडकल्यासारखा लागतो. सामान काढायचं नसलं तरी आठवड्यातून एकदा हात पूर्ण उघडून मिटवावा, ग्रीस पसरतं.

खेळ, म्हणजे खुंट्यातली मोकळीक, मोजायची रीत: हात अर्धा उघडायचा, टोकाला धरून वर-खाली हलवायचा, शेजारी पट्टी धरायची. हात 1000 मिमी लांब, बेअरिंगांमधलं अंतर 150 मिमी. टोकाला 6 मिमी हललं तर खुंट्यापाशी जवळजवळ 0.9 मिमी खेळ आहे. इथे टोकाला 2 मिमीच्या वर गेलं की आवळायचं, असं ठरवलेलं आहे.

आता खटका, म्हणजे मिटलेला हात बंपरला अडकवून ठेवणारी कडी. माझ्या मते पूर्ण कॅरिअरची किंमत खटक्यावरून ठरावी. हात खुंट्यावर फिरतो, पण बंद असताना तो तीन ठिकाणी धरलेला हवा: खुंटा, खटका आणि खालची उतरती पाचर. पाचर म्हणजे बंपरवरचा तिरका ठोकळा. हात मिटताना त्यावर चढून 2–3 मिमी उचलला जातो आणि वजन खुंट्यावरून बंपरवर येतं. ही पाचर नसलेला कॅरिअर घेऊ नये, दिसायला कितीही देखणा असो. खटका ओढून बसणारा, हँडल मधल्या बिंदूपलीकडे जाऊन अडकणारा आहे. तो थरथरीने सैल होतो, म्हणून त्याच्या स्क्रूवर लॉकनट आणि हँडलमध्ये लिंच पिन. हँडल एका हाताने सहज मिटत असेल तर ते सैल आहे. तळव्याने जोर लावावा लागला पाहिजे. हात जिथे टेकतो ते रबर चौथ्या महिन्यात दबून बसलं आणि खडखड परत आली. खाली दीड मिमीचा वॉशर घातला, आवाज गेला.

आणखी एक चूक बरेच जण करतात: बंपरचा हात दरवाजाला कडक पट्टीने जोडतात, म्हणजे दोन्ही एकदम उघडतील. बंपर चासीवर आहे, दरवाजा बॉडीवर, आणि मध्ये रबरी गाद्या. खडबडीत वाटेवर दोन्ही वेगवेगळे हलतात. जोडायचंच असेल तर दोन्ही टोकांना गोल सांधा असलेला दांडा हवा, नाहीतर पुन्हा दरवाजाच फाटतो. इथे जोडलेलं नाही. दोनदा उघडावं लागतं, त्याची सवय होते. फक्त हात आणि दरवाजा एकाच बाजूला उघडणारे हवेत. आणि उतारावर हात उघडा राहावा म्हणून अडकवायची पिन हवीच: 38 किलोचा टायर घेतलेला हात आपणहून मिटतो तेव्हा मध्ये बोटं असू नयेत.

वजनाचा परिणाम. जुना बंपर काढून आणि छोटा टायर वजा करून गाडीच्या शेपटीला निव्वळ 52 किलो वाढले. ते मागच्या ॲक्सलच्या 900 मिमी मागे, व्हीलबेस 2370 मिमी धरला (जीपच्या टीजे रँग्लरचा तेवढाच आहे), तर पुढच्या ॲक्सलवरून सुमारे 20 किलो उचलले जातात आणि मागच्यावर 72 वाढतात. आकडा छोटा वाटतो, पण हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणारे चालक दिवे मारू लागतात. कॅरिअर बसवल्यावर पहिलं काम झोत खाली घेण्याचं. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप बसवण्याआधी लिहून ठेवावं. नंतर मागची बाजू किती बसली ते कळतं आणि स्प्रिंग बदलायची का, हे अंदाजावर राहत नाही.

तिसरा ब्रेक लाइट मोठ्या टायरमागे पूर्ण लपतो. तो डिस्कच्या मध्यावर आणला. वायर खुंट्यापाशी वाकते, म्हणून तिथे बारीक तारांची लवचीक वायर, नळीत घालून, एक सैल वेटोळं ठेवून. ताठ ठेवलेली वायर आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. मागची काच जवळजवळ अर्धी झाकली जाते. आरसे मोठे केले तरी मागे घेताना कॅमेऱ्याशिवाय भागत नाही.

एकट्याने टायर चढवायची युक्ती: वरचा एक स्टड बाकीच्यांपेक्षा 40 मिमी लांब ठेवायचा. टायर कॅरिअरखाली उभा करून फावड्याचा दांडा किंवा पहार खाली सरकवायची, टेकूवरून उचलायचं आणि आधी त्या लांब स्टडवर टांगायचं. मग बाकीचे जुळवायचे. पाठीने उचलायचं नाही.

बोल्टांचं वेळापत्रक: बंपरचे एम12 ग्रेड 8.8 बोल्ट 80 न्यूटन-मीटरला, स्टेपनीचे नट 115 ला. पहिल्या 100 किमीनंतर, मग 500 ला, मग दर 5000 ला टॉर्क पान्याने. पहिल्या तपासणीत पाचपैकी दोन नट पाव फेरा फिरले, कारण डिस्कवरचा रंग दबला होता. नटाखालचा रंग आधीच खरवडून काढला असता तर तेही टळलं असतं. पाण्यातून गाडी काढली की त्याच दिवशी खुंट्यात नवं ग्रीस, जुनं पांढुरकं बाहेर येईपर्यंत. स्टेपनीत हवा चालू दाबापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त. वेळेला कमी करता येते, भरता येईलच असं नाही. आणि दर 8000 किमीला पाचही टायर फिरवून घ्यावेत, नाहीतर स्टेपनीच्या खाचा खोल आणि बाकीच्यांच्या झिजलेल्या, म्हणजे व्यासातला तोच फरक मागच्या दाराने परत येतो.