सीसीआरसीत तीन वर्षं: आधी मागची इमारत बघा

आम्ही इथं, अमेरिकेतल्या एका सीसीआरसीत (कंटिन्युइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी, म्हणजे पुढची सगळी देखभाल एकाच आवारात मिळणारी वृद्धांची वसाहत), राहायला आलो त्याला तीन वर्षं झाली. ओळखीतले बरेच जण, विशेषतः सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळणारे, फोन करून विचारतात, 'काय गं, कसं आहे? पैसे वसूल का?' प्रत्येकाला तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. जागेचं नाव देत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि मला अजून इथंच राहायचंय.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकाच आवारात आधी आपापले राहायचे फ्लॅट. अंघोळ, कपडे, औषधं यांना मदत लागायला लागली की असिस्टेड लिव्हिंग. विस्मरण वाढलं तर मेमरी केअर. आणि सगळ्यात शेवटी नर्सिंग, म्हणजे चोवीस तास शुश्रूषा. अमेरिकेत ही पद्धत जुनीच आहे. २०१५ पासून या व्यवसायातल्या लोकांनी तिला 'लाइफ प्लॅन कम्युनिटी' असं गोंडस नाव दिलंय. नाव काहीही ठेवा, सुरुवातीला दणदणीत एंट्रन्स फी, मग दर महिन्याची फी, आणि त्याबदल्यात 'पुढचं आम्ही बघू' असं लेखी वचन, हा व्यवहार तोच आहे.

आमची पहिली चूक म्हणजे उशीर. सात वर्षांपूर्वी आम्ही एक जागा बघितली होती, आवडलीही होती. पण हे म्हणाले, 'ड्राइव्हवेवरचा बर्फ अजून मी स्वतः काढतो, आत्तापासून कशाला त्या म्हाताऱ्यांत जायचं?' तेव्हा यांचं वय एकाहत्तर. दोन वर्षांनी पार्किन्सन्सचं निदान झालं आणि मग आम्ही धावत त्याच जागी डिपॉझिट भरलं. वेटिंग लिस्टमधून नंबर लागला, तपासणी झाली. नर्सने यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायला लावलं, कॉरिडॉरमधून चालत जाऊन वळून यायला सांगितलं. वळताना यांची पावलं अडकली. पंधरा दिवसांनी पत्र आलं: मला प्रवेश, यांना नाही. डिपॉझिट परत मिळालं, तेवढं खरं.

मी चिडले होते, पण नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं की त्यांचंही चूक नाही. तिथला करार 'टाइप ए' प्रकारचा होता. टाइप ए म्हणजे जवळजवळ विमाच. आज सगळ्यांकडून जास्त पैसे घ्यायचे आणि उद्या कोणी नर्सिंगमध्ये गेलं तरी महिन्याची फी साधारण तेवढीच ठेवायची. घराला धूर लागल्यावर विमा उतरवायला गेलात तर कोण दारात उभं करेल? टाइप बीमध्ये ठरावीक दिवस किंवा ठरावीक सवलत मिळते, नंतर बाजारभाव. टाइप सीमध्ये आत यायला कमी पैसे लागतात, पण मदत लागली की पहिल्या दिवसापासून चालू दराने मोजायचे. तर 'तब्येत बिघडली की जाऊ' असं जे म्हणतात ना, त्यांच्यासाठी या दाराची कडी आतून लागलेली असते.

दुसऱ्या जागेने, म्हणजे इथल्यांनी, आम्हाला घेतलं, पण दोघांचे करार वेगळे. माझा टाइप ए, यांचा टाइप सी. एकाच फ्लॅटमध्ये, एकाच पलंगावर दोन करार झोपायला लागले.

पैशाचं सांगते, कारण त्यासाठीच निम्मे फोन येतात. दोन बेडरूमच्या फ्लॅटला दोन पर्याय होते. ३,४०,००० डॉलर भरले तर परताव्याची रक्कम दर महिन्याला दोन टक्क्यांनी कमी होत पन्नास महिन्यांत शून्य होणार. ५,१०,००० भरले तर नव्वद टक्के परत मिळणार. यांचा ओढा दुसऱ्याकडे, 'मुलांना काहीतरी राहील.' मुलानेच विरोध केला. करारात बारीक अक्षरात होतं की परतावा मिळणार तो आपला फ्लॅट पुढच्याने घेतल्यावर. सहा महिने लागोत की दोन वर्षं, व्याज नाही. आणि संस्थाच बुडाली तर? संस्थेचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, घेतलेले लोक आधी उभे राहतात. परताव्याच्या वाटेकडे डोळे लावलेले रहिवासी बहुतेक वेळा विनातारण देणेकऱ्यांच्या रांगेत, शेपटाला. आम्ही पहिला पर्याय घेतला. आज इथून निघालो तर २८ टक्के हातात येतील. त्याचं मला दुःख नाही.

मुलाने आणखी एक काम केलं, ते प्रत्येकाने करावं. अशा ना-नफा संस्था बऱ्याचदा म्युनिसिपल बाँड काढून इमारती बांधतात, आणि त्या बाँडची कागदपत्रं 'एमा' नावाच्या सरकारमान्य साइटवर फुकट वाचायला मिळतात. तिथं किती फ्लॅट भरलेले आहेत, हातात किती दिवसांच्या खर्चाची रोकड आहे, ऑडिटर काय म्हणतोय, सगळं दिसतं. आम्ही बघितलेल्या तिसऱ्या जागेची लॉबी सगळ्यात देखणी होती. कागदांत मात्र भरलेले फ्लॅट दर वर्षी कमी होत चालले होते. मार्केटिंगच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, 'सध्या निवडीला भरपूर वाव आहे.' हुशार बाई.

आणि टॅक्सवाल्याला जरूर विचारा. एंट्रन्स फी आणि महिन्याच्या फीचा काही भाग वैद्यकीय खर्चात धरता येतो. उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वर जेवढा जाईल तेवढा वजा होतो. संस्था दर वर्षी त्याचं पत्र देते. आमच्या शेजाऱ्यांनी दोन वर्षं ते पत्र न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलं होतं.

आता निवड कशी केली ते. सगळीकडे टूर एकाच मार्गाने जाते: पियानो, पूल, लाकूडकामाची खोली, जेवणघर, मॉडेल फ्लॅट. नर्सिंगची इमारत नेहमी मागे असते आणि 'हवं तर पुढच्या वेळी दाखवू' असं म्हणतात. तुम्ही पैसे मोजताय ते त्या मागच्या इमारतीचे. पियानो मॉलमध्येही असतो. त्यामुळे आम्ही रविवारी संध्याकाळी सहाला न सांगता गेलो, कारण माणसांची टंचाई असेल तर ती तेव्हाच दिसणार. एका खोलीच्या दारावर बोलावण्याचा पिवळा दिवा लागला होता. मी समोरच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसले आणि घड्याळ लावलं. एका जागी एकोणीस मिनिटं. इथं सहा. सहा मिनिटंसुद्धा, ज्याला बाथरूमला जायचंय त्याला युगासारखी, पण एकोणीसपेक्षा बरी.

मेडिकेअरच्या (इथला म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) साइटवर नर्सिंग होमना तारे दिलेले असतात, तेही बघितले. मात्र तिथं असिस्टेड लिव्हिंग सापडत नाही, ते राज्य सरकारच्या अखत्यारीत येतं. त्यांचे तपासणी अहवाल वेगळे शोधावे लागतात. हे मला इथं आल्यावर कळलं, आणि नेमकी गरज त्याचीच पडली.

सामान हलवण्याबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येकाची रड वेगळी असते. एकच सांगते: यांनी ग्राफ पेपरवर फ्लॅटचा नकाशा काढला, एका चौकोनाला सहा इंच. सोफा, कपाट, टेबल यांचे पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि रोज रात्री जेवणानंतर ते सरकवत बसायचे. हात थरथरायचा, तुकडे उडायचे, मी टेबलाखालून उचलून द्यायचे. बेचाळीस वर्षांच्या संसारातलं काय येणार आणि काय नाही हे आम्ही त्या पुठ्ठ्यांवर भांडून ठरवलं. त्यांचं वर्कबेंच कुठंच बसेना. शेवटी तो तुकडा त्यांनी स्वतःच खिशात घातला.

रोजचं आयुष्य म्हणाल तर छान आहे. पूलमधल्या व्यायामाने माझे गुडघे सुधारले, लायब्ररी मीच सांभाळते, माणसं बोलकी आहेत. जेवणघरात शाकाहारी माणसाला दोन दिवस मजा आणि मग पास्ता. स्वतःचं स्वयंपाकघर आहे म्हणून निभावतं. फक्त फोडणी करताना खिडकी उघडायची आणि दार बंद ठेवायचं, नाहीतर सिक्युरिटीचा मुलगा धावत येतो. आता तो येतो आणि विचारतो, 'आज काय?' महिन्याची फी मात्र तीन वर्षांत तीनदा वाढली: चार, सहा आणि पाच टक्के. करारात वाढीला वरची मर्यादा नाही. विचारा, मागच्या दहा वर्षांचे आकडे लेखी मागा. देतात.

गेल्या वर्षी हे बाथरूममध्ये पडले. मी पूलवर होते. मदत बोलवायची दोरी कमोडजवळ असते, ती जमिनीपर्यंत लोंबती हवी, पडलेल्या माणसाचा हात पोचेल अशी. आमच्याकडे सफाईला येणाऱ्या बाईने फरशी पुसताना ओली होऊ नये म्हणून ती धरायच्या दांड्याला गुंडाळून ठेवली होती. हे चाळीस मिनिटं तिथं पडून तिच्याकडे बघत होते. नंतर मला म्हणाले, 'गाठ फार व्यवस्थित मारली होती गं.'

हॉस्पिटलमध्ये तीन रात्री ठेवलं. मग इथल्या नर्सिंगमध्ये एकोणीस दिवस. मी निर्धास्त होते, कारण मेडिकेअर पहिल्या वीस दिवसांचे पूर्ण पैसे देतं आणि शंभराव्या दिवसापर्यंत काही वाटा उचलतं, हे मला पाठ होतं. पण त्यासाठी मूळ (खासगी कंपनीमार्फत नाही, थेट सरकारकडून मिळणाऱ्या) मेडिकेअरमध्ये आधी सलग तीन दिवस हॉस्पिटलात 'ॲडमिट' असावं लागतं, आणि यांना ठेवलं होतं 'ऑब्झर्व्हेशन'वर, म्हणजे भरती न करता नुसतं देखरेखीखाली. पलंग तोच, सुई तीच, डॉक्टर तेच, कागदावरचा शब्द वेगळा. तसं सांगणारी नोटीसही त्यांनी दिली होती. दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या पावतीबरोबर माझ्या हातात कागद ठेवला आणि मी न वाचता सही केली. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कंपन्यांची खाती तपासली! एकोणीस दिवसांचं बिल यांच्या टाइप सीप्रमाणे आमच्या खिशातून गेलं. तुमचं माणूस हॉस्पिटलात असेल तर रोज सकाळी एवढंच विचारा, 'ॲडमिट की ऑब्झर्व्हेशन?'

त्यानंतर मीटिंग झाली. नर्स, सोशल वर्कर, फिजिओथेरपिस्ट आणि टेबलाच्या या बाजूला आम्ही दोघं. अंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणं, त्यावरचा ताबा आणि पलंगावरून उठणं, या सहा गोष्टींपैकी किती जमतात ते मोजलं. यांना तीन जमेनात. त्यांचं म्हणणं पडलं, असिस्टेड लिव्हिंग. मी म्हटलं, मी करीन की. सोशल वर्कर मऊ आवाजात म्हणाली की तुमचं वजन बावन्न किलो आहे. करारात हा निर्णय 'रहिवाशाशी सल्लामसलत करून' संस्था घेणार असं लिहिलंय, आणि सल्लामसलत म्हणजे ही. ते कलम मी वाचलं होतं. नवरा-बायकोच्या मध्ये कधी समिती बसेल असं वाचताना डोळ्यांपुढे आलं नव्हतं, एवढंच.

आता माझी फी आणि त्यांची फी मिळून महिन्याला १३,५०० च्या घरात जाते. दोघांचा टाइप ए असता तर याच्या निम्म्याच्या आसपास भागलं असतं. दोन वर्षं आधी आलो असतो तर. जाऊ दे.

पण घर विकून इथं आलो नसतो तर मी त्यांना गाडीने अर्धा तास लांब कुठल्यातरी ठिकाणी भेटायला गेले असते, तेही बर्फात. आता बंद कॉरिडॉरमधून चपला घालून जाते. सकाळी एकदा, जेवायला एकदा, रात्री गोळ्या होईपर्यंत. परवा म्हणाले, 'तू हल्ली पाहुणी म्हणून येतेस, चहा विचारायला हवा.' तिथल्या मुली चांगल्या आहेत, पण दर तीन-चार महिन्यांनी बदलतात, आणि प्रत्येक नवीन मुलीला मी पार्किन्सन्सच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर द्यायच्या असतात हे पहिल्यापासून समजावते. वीस मिनिटं इकडे-तिकडे झाली की यांचे पाय जमिनीला चिकटतात.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापलाय गोळ्यांसाठी आणि एक त्या दोरीसाठी. दोरीबद्दल लेखी तक्रार केली, उत्तर आलं, सूचना दिल्याचं कळवलं. सफाई सोमवारी दहाला असते. मी साडेदहाला त्यांच्या बाथरूममध्ये जाते, दांड्याची गाठ सोडते आणि दोरी फरशीला टेकतेय ना ते वाकून बघते.