घरच्या मॉड्युलर सिंथेसायझरच्या रेल : आठ महिन्यांनंतर

गेल्या डिसेंबरात मी ८४ एचपी रुंदीच्या दोन ओळींची युरोरॅक कॅबिनेट पुण्यातल्या घरी तयार केली. युरोरॅक म्हणजे सिंथेसायझरचे सुटे भाग, अर्थात मॉड्यूले, शेजारीशेजारी लावण्याची एक प्रमाणित पद्धत. मॉड्यूलांची पॅनेले (दर्शनी पत्रे) ज्यांवर स्क्रूने बसतात, त्या रेल विकत न घेता १० मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी सळईतून (दुकानात हिला स्क्वेअर बार म्हणतात) बनवून घेतल्या. जर्मन उत्पादक डीटर डोप्फर यांनी १९९५च्या सुमारास ए-१०० ही मॉड्यूलांची मालिका आणली आणि तिची मापे पुढे सर्वांनीच स्वीकारली. त्यामुळे मापांबद्दल शंका उरत नाही : पॅनेलची उंची १२८.५ मिमी, वरच्या व खालच्या भोकांमधील अंतर १२२.५ मिमी, आणि एक एचपी म्हणजे ५.०८ मिमी, अर्थात इंचाचा बरोबर पाचवा भाग.

दुकानदाराकडे १२ मिमीची सळई लगेच मिळत होती, तरी मी दहाच्या सळईसाठी आठवडाभर थांबलो. दोन ओळी १३३.३५ मिमीच्या अंतराने एकावर एक लावल्या की मधल्या दोन सळयांच्या मध्यरेषांमध्ये केवळ १०.८५ मिमी उरतात. म्हणजे दहाच्या सळया जेमतेम मावतात, बाराच्या मावतच नाहीत. शिवाय दहाच्या सळईमुळे प्रत्येक ओळीत ११२.५ मिमी मोकळी जागा मिळते. माझ्या हाताने बनवलेल्या एका मॉड्यूलची पाटी (सर्किट बोर्ड) १११ मिमीची असल्याने हा फरक मला लगेच उपयोगी पडला.

सळयांना भोके पाडून आटे करण्याचे काम एका लहान वर्कशॉपला दिले. तेथील कारागिराने ५.०८ हे माप ‘सोयीसाठी’ ५.१ धरले. शेवटच्या भोकापर्यंत ही चूक दीड मिलिमीटरच्या पुढे जाते, पण प्रत्येक मॉड्यूल आपापल्या जागी बसत असल्याने अरुंद पॅनेलांना तिचा काही त्रास झाला नाही. शेजारच्या पॅनेलांत केसभर फट राहते, एवढेच. त्याने ५ धरले असते तर पॅनेले एकमेकांवर चढली असती. अडचण आली ती २८ एचपीच्या मॉड्यूलला. त्याच्या दोन टोकांच्या भोकांमध्ये १२७ मिमी अंतर हवे, माझ्या रेलवर ते १२७.५ आहे. त्या पॅनेलची भोके लांबट नसून गोल असल्याने गोल कानस घेऊन दोन भोके हाताने वाढवावी लागली, आणि तो काळा रंग उडालेला कडेचा भाग आजही मला खुपतो.

दुसरी चूक माझीच. सळया बाजूच्या फळ्यांना जोडण्यासाठी त्यांच्या टोकांना मी एम५चे (५ मिमी व्यासाच्या स्क्रूचे) आटे घेतले. पॅनेलचा एम३ × ६चा (३ मिमी व्यास, ६ मिमी लांबी) स्क्रू २ मिमी जाडीच्या पॅनेलमधून आत गेला की पहिल्या एक-दोन भोकांत तो त्या एम५ स्क्रूवर जाऊन टेकत असे, आणि पॅनेल काही केल्या घट्ट बसत नसे. तेथे आता एम३ × ५चा स्क्रू आणि नायलॉनची वॉशर वापरतो.

खरी परीक्षा मात्र जुलैत झाली. बाजूच्या फळ्या सागवानाच्या होत्या आणि रेषा सुंदर दिसाव्यात म्हणून मी त्या आडव्या ठेवल्या होत्या. लाकूड रेषांना काटकोनात, म्हणजे इथे उभ्या दिशेने, फुगते, त्यामुळे पावसाळ्यात माझे १२२.५ हे अंतरच वाढले. एका संध्याकाळी फिल्टरचे मॉड्यूल काढून परत लावू गेलो, तर वरचे दोन्ही स्क्रू लागले आणि खालचे भोक जवळपास अर्धा मिलिमीटर खाली सरकलेले दिसले. तीन आठवडे मी दोष सळयांना देत होतो. व्हर्नियर लावल्यावर कळले की सळया जशाच्या तशा आहेत, हलली आहे ती फळी. त्यानंतर दोन्ही बाजूंना ३ मिमी जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या घातल्या. चारही सळया आता त्या पट्ट्यांनाच जखडलेल्या आहेत आणि सागवानाकडे फक्त दिसण्याचे काम उरले आहे. पुन्हा कॅबिनेट केली तर मी सुरुवातच या चौकटीपासून करीन.

आट्यांबद्दल मला धास्ती होती, कारण अ‍ॅल्युमिनियमचे आटे लवकर झिजतात आणि मी मॉड्यूल सतत बदलत असतो. तीनशेहून अधिक भोकांपैकी आजवर तीन गेली, तीही मधल्या भागातली, जिथे हात सर्वाधिक चालतो. भोके आरपार असून स्क्रू जेमतेम तीन-चार मिलिमीटर आत जातो, म्हणून ती सळई सोडवून मागची बाजू पुढे केली आणि न वापरलेले आटे मिळाले. एका मित्राच्या कॅबिनेटमध्ये सरकत्या नटांच्या रेल आहेत. त्यांत भोकांच्या अंतराचा प्रश्नच येत नाही, परंतु एखादा नट घालायचा राहिला की शेजारची चार मॉड्यूले सोडवावी लागतात. ती कसरत मी त्याच्याकडे दोनदा केली आहे, म्हणून माझ्या ५.१च्या रेलवर मी तूर्त समाधानी आहे.