सेल्फ मारतो, पण गाडी चालू होत नाही: स्वस्तातल्या ओबीडी स्कॅनरचा पावसाळ्यापासूनचा अनुभव

हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या पोर्टला लावायची, तिच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलच्या अ‍ॅपवर दाखवणारी डबी) पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. गाडी २०१४ची, पेट्रोल-सीएनजी, बेस मॉडेल. म्हणजे डॅशबोर्डवर आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा) काटा नाही. हे आधीच सांगतोय, कारण या डबीचे पैसे वसूल झाले ते तिथेच.

लोक ही घेतात कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक, वाचायला. पण सेल्फ खणखणीत फिरतोय आणि इंजिन पकडतच नाही, अशा वेळी कितीदा तरी कोड नसतोच. तेव्हा उपयोगी पडतो लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणाचे चालू आकडे, आणि त्यातलेही दोनच आकडे: आरपीएम आणि व्होल्टेज. बाकी सगळे डायल बंद ठेवा. स्वस्त स्कॅनरला एकावेळी खूप विचारलं की उत्तरं रखडतात आणि तोवर सेल्फ मारून झालेला असतो.

माझ्या गाडीचं दुखणं असं: ठाण्यात घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये तासभर रखडून मानपाड्याला बंद केली की पुन्हा चालू व्हायची नाही. अर्ध्या तासाने मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालू. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच निकाल दिला, "साहेब, पंप गेलाय, टाकून घ्या." पण चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पेट्रोल इंजिनकडे ढकलणाऱ्या त्या पंपाची घरघर नीट ऐकू यायची, त्यामुळे मला ते पटेना.

पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा मोबाइल स्टिअरिंगपाशी टेकवला आणि सेल्फ मारला. व्होल्टेज ११च्या जरा खाली, म्हणजे बॅटरी ठणठणीत (सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेलं तर आधी बॅटरी बघावी). आरपीएम? शून्य. सेल्फ फिरताना साधारण दीडशे ते तीनशे दिसायला हवा. इंजिन फिरतंय हेच ईसीएमला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) कळत नसेल तर तो ना स्पार्क देणार, ना इंजेक्टर उघडणार. संशय सरळ क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरवर. कनेक्टर काढून पाहिला, पिना स्वच्छ, वायर उंदराने कुरतडलेली नाही. ओलं फडकं सेन्सरवर धरलं, तो गार झाला आणि गाडी लागली. तापला की आतली कॉइल तुटायची, गार झाला की जुळायची. गंमत म्हणजे पी०३३५ हा त्याचा कोड त्यानंतर कधीतरी उमटला, तोवर नवा सेन्सर ऑर्डर करून झाला होता. तो बसवल्यापासून तक्रार नाही. ज्यांच्या गाडीत आरपीएमचा काटा आहे त्यांनी सेल्फ मारताना तो जरा तरी हलतो का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं, फुकटात.

आता स्कॅनर कुठे हात टेकतो ते. आमच्या सोसायटीतल्या काकांची सीएनजी गाडी सकाळी हटून बसली. कोड नाही, आरपीएम अडीचशेच्या आसपास, व्होल्टेज चांगलं. स्कॅनरच्या लेखी सगळं आलबेल! असणारच, कारण आपल्याकडच्या साध्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो, मग तो दाखवणार कुठून? काकांना म्हटलं, "चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका." मागे कान लावला तर चिडीचूप. फ्यूज आणि रिले ठीक निघाले. मेकॅनिकने टाकीला खालून रबरी हातोडीने दोन टोले दिले, तशी गाडी लागली. पंप मरणाच्या दारात होता. काकांच्या गाडीत पेट्रोलचा दिवा कायम पेटलेला असतो. "गॅस फुल आहे ना, मग पेट्रोल कशाला?" हा युक्तिवाद ठाण्यात घरोघरी ऐकू येतो. पण यातल्या बऱ्याच गाड्या चालू होतात पेट्रोलवरच, आणि पंप गार राहतो तोही भोवतीच्या पेट्रोलमुळेच. पाव टाकी तरी ठेवाच.

डबीच्या तक्रारीही आहेत. बॅटरी थकलेली असेल तर सेल्फ मारताच तिचं ब्लूटूथ तुटतं. म्हणजे नेमकं बघायच्या क्षणी पडदा पडतो. व्होल्टेज मल्टिमीटरपेक्षा किंचित कमी दाखवते. इमोबिलायझरचं (चावी ओळखली नाही तर इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचं) काही सांगत नाही. चावीचा दिवा लुकलुकत असेल तर हिच्या नादी न लागता दुसरी चावी लावून बघा. पाकिटावर चिपचं जे नाव छापलंय त्यावरही जाऊ नका, या किमतीत नक्कलच मिळते. आयफोनवाल्यांनी बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) किंवा वायफायवाला बघून घ्यावा, साधा ब्लूटूथ चालत नाही.

आणखी एक, कोड दिसला की अ‍ॅपमधलं 'क्लिअर' लगेच दाबू नका. कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही पुसली जाते आणि मेकॅनिकच्या हाती काही राहत नाही. आधी स्क्रीनशॉट काढा. काम झालं की डबी काढून ठेवा. पोर्टला गाडी बंद असतानाही करंट असतो, आणि गाडी आठवडाआठवडा उभी राहत असेल तर बॅटरी उतरवायला तेवढं पुरतं.