गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन आणि सही न करणाऱ्या फिजिओ मॅडम

आधीच सांगते, कंबरदुखी किंवा फ्रोझन शोल्डरसाठी फिजिओथेरपी सेंटर शोधत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्या फारसा कामाचा नाही. घरात खेळणारं पोर आहे आणि त्याचा गुडघा एकदा नाही, परत गेलाय, अशांनी वाचावा.

आमची लेक बास्केटबॉल खेळते. उंची पाच फूट दहा इंच. एवढ्या उंचीची मुलगी ट्रायलला आली की निवड करणारे आधी तिचं नाव लिहून घेतात, बॉल हातात येतो की नाही ते मागाहून बघतात. हिच्या तर हातातही बॉल होता. पंधराव्या वर्षी रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला बॉल, घेऊन खाली येताना डावा गुडघा आत वळला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं, त्याला स्थिर ठेवणारं लिगामेंट, तुटलं. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगमधून ग्राफ्ट (तुटलेल्याच्या जागी बसवायचा तुकडा) घेऊन ऑपरेशन झालं. त्यानंतर जिथे फिजिओ केली (ते हे सेंटर नव्हे), तिथे झोपवून करंट, मग अल्ट्रासाउंड, मग शेक आणि वेळ उरला तर व्यायाम. सहा महिने झाले, सूज नाही, पाय पूर्ण वाकतोय, "आता खेळू दे बिनधास्त." मांडीत ताकद किती आली हे कुणी मोजलंच नाही. पुढच्या सीझनला, अंगावर कुणी आलेलंही नसताना, तोच गुडघा परत गेला. या खेपेला मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, तीही फाटली.

दुसऱ्या ऑपरेशनला गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्टीतून ग्राफ्ट घेतला, मेनिस्कसला टाके घातले. सर्जननीच या सेंटरला पाठवलं. पुण्यात कोथरूडमध्ये, आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती बंद असते तेव्हा कुबड्या घेऊन जिना चढायचा हाही व्यायामच समजा.

पहिल्या दिवशी मॅडमनी मशीनला हातही लावला नाही. टेप घेतली, वाटीच्या वर ठरावीक अंतरावर पेनने खूण केली आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. डावी मांडी उघड दिसेल इतकी बारीक झाली होती. मग लेकीला म्हणाल्या, "मांडी आवळ, गुडघा गादीत दाब." लेकीने जोर लावला, कपाळावर आठ्या आल्या, मांडी मात्र ढिम्म. "बघ, मेंदू सांगतोय आणि स्नायू ऐकत नाहीये. आधी हे, बास्केटबॉल नंतर." मेनिस्कसला टाके असल्यामुळे सुरुवातीचे सहा आठवडे गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकवायचा नाही, पायावर पूर्ण वजन टाकायचं नाही. हे सगळं त्यांनी माझ्याशी न बोलता लेकीशी बोलून घेतलं, ते मला आवडलं. सतरा वर्षांच्या मुलीचा गुडघा आईला समजावून काय उपयोग!

इथे मोजमाप सतत चालतं. हातात धरायचं डायनॅमोमीटर, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, आहे, ते पट्ट्याने अडकवून पाय ताणायला लावतात आणि दोन्ही पायांचा आकडा घेतात. जमिनीवर मीटरची पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यावर एका पायावर लंगडी घातल्यासारखी उडी. एक उडी, सलग तीन उड्या, पट्टी ओलांडत तिरक्या उड्या. शिवाय लाकडी खोक्यावरून खाली उडी मारायची आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये त्याचं शूटिंग. तो व्हिडिओ मी पाहिला. पाय टेकतात त्या क्षणी डावा गुडघा अंगठ्याची रेघ सोडून आत जातो आणि परत येतो. डोळ्याला ते दिसतच नाही. पहिल्या वेळी नेमकं हेच झालं होतं, दुसऱ्या वेळीही हेच. मधल्या काळात याकडे कुणी बघितलंच नव्हतं. बास्केटबॉल, फुटबॉलमध्ये मुलींना एसीएलचा धोका मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतो हेही मला इथेच कळलं. दोन ऑपरेशनं होईपर्यंत ही माहिती एका आईला मिळू नये याची चीड अजून आहे.

मी बँकेत कर्जाच्या फायली बघते. अर्जदार सज्जन आहे, घाईत आहे, ओळखीचा आहे म्हणून सही होत नाही, कागद लागतात. या मॅडमचं काम तसंच आहे. "किती महिने झाले?" एवढ्यावर त्यांचं भागत नाही. मैदानात परतायला निदान नऊ महिने आणि त्याच्या जोडीला ऑपरेशनच्या पायात दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के तरी ताकद, अशा दोन्ही अटी. कारण विचारलं तर नीट सांगतात. बसवलेला ग्राफ्ट पहिल्या काही महिन्यांत उलट कमजोर होतो, मग त्यात रक्तपुरवठा तयार होतो, तो लिगामेंटसारखा व्हायला वर्ष किंवा जास्त लागतं. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं, आणि पोरं तिथेच फसतात. २०१६ साली नॉर्वेतून आलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या वेळा परत दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने उतरलं होतं. पंचविशीच्या आतले जे खेळाडू ऑपरेशननंतर मैदानात परततात, त्यांच्यात साधारण चारातल्या एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, त्याच पायाला किंवा दुसऱ्या. आमची त्या चारातली एक आधीच होऊन बसली होती.

आता मुख्य प्रसंग. ज्युनिअर गटाच्या, म्हणजे १८ वर्षांखालच्या ट्रायल्स लागल्या तेव्हा ऑपरेशनला सात महिने झाले होते. फेडरेशनचे गट १६ आणि १८ वर्षांखालचे, शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९. एका एसीएलला नऊ महिने ते वर्ष जातं. दोनदा झालं की अख्खा वयोगटच हातातून निघून जातो, जन्मतारीख काही थांबत नाही. आणि आपल्याकडे मुलींना बास्केटबॉलमध्ये पुढे काय, तर रेल्वेसारखी नोकरी नाहीतर राज्य सरकारचा ५ टक्के खेळाडू कोटा. दोन्हीकडे स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. ट्रायल चुकली की प्रमाणपत्र चुकलं. घाई होते ती या कागदापायी. क्लबचे सर वाईट नाहीत, त्यांनाही हेच दिसत होतं. त्यांचा फोन आला, "ताई, फक्त फिटनेस सर्टिफिकेट आणा. पाच-सात मिनिटं उतरवतो, बाकी बेंचवर बसेल."

मॅडमनी आकडे समोर ठेवले. मांडीची ताकद ७८ टक्के, एका पायाची उडी ८४. शिवाय मनाची तयारी तपासायला बारा प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतात, त्यात लेकीने "पुन्हा दुखापत होईल याची भीती वाटते का" या प्रश्नापुढे काय लिहिलंय तेही त्यांनी तिला वाचून दाखवलं. ते घरी आम्हाला कधी बोलली नव्हती.

"मी सही करणार नाही," मॅडम म्हणाल्या. "निर्णय तुमचा. पण खेळलीस काय नि नाही खेळलीस काय, सोमवारी साडेपाचला इथे यायचं."

लेक ताडकन उठून बाहेर गेली. स्कूटरवर मागे बसून घरापर्यंत एक शब्द नाही. रात्री म्हणाली, "आई, माझा गट संपला." मी काय बोलणार, संपलाच होता. पण सोमवारी साडेपाचला तीच आधी बूट घालून तयार होती.

तिच्या मोबाइलवर पेज बेकर्स या अमेरिकन बास्केटबॉलपटूचा फोटो असतो. डिसेंबर २०२१ मध्ये डाव्या गुडघ्याचं हाड आणि मेनिस्कस, ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच गुडघ्याचं एसीएल, पूर्ण सीझन बाहेर. मग २०२५ मध्ये कनेटिकट विद्यापीठाकडून अजिंक्यपद आणि त्याच महिन्यात डब्ल्यूएनबीए या तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, पहिली. क्लबचे सर मात्र ग्रेग ओडेन या अमेरिकन खेळाडूचं नाव घेतात. तोही २००७ साली एनबीए या पुरुषांच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिलाच, पण दोन्ही गुडघ्यांची मायक्रोफ्रॅक्चर (कूर्चा भरून यावी म्हणून हाडाला बारीक छिद्रं पाडायची) ऑपरेशनं, एका वाटीचं फ्रॅक्चर आणि एनबीएत एकूण १०५ सामने. मला विचाराल तर दोन्ही नावं आमच्या कामाची नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टर, ट्रेनर सगळे दिवसभर हजर असतात. आमच्याकडे क्लास आणि पीएमपीच्या बसच्या मधला दीड तास आहे. या सेंटरची किंमत करायची तर त्या दीड तासात काय होतं त्यावरून करावी.

ते चांगलं होतं, पण नेहमी नाही. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात तुफान गर्दी असते, एका फिजिओकडे तीन-तीन पेशंट. इंटर्न बदलत राहतात आणि नव्या इंटर्नला सगळी कहाणी पहिल्यापासून ऐकवावी लागते. एकदा एका इंटर्नने लेग प्रेसला मागच्या महिन्याचंच वजन लावलं, ते लेकीच्या लक्षात आलं म्हणून बरं. सकाळचा स्लॉट मिळाला तर डोळे मिटून घ्या. तेव्हा नवीन गुडघे बसवलेले आजी-आजोबा असतात, त्यातले एक आजोबा सायकलवर लेकीशी रोज शर्यत लावायचे आणि हरले की सीटच्या उंचीला दोष द्यायचे.

दुसरी उणीव मोठी आहे. इथे रबरी फ्लोअर आहे, रिंग नाही. शेवटचा टप्पा, म्हणजे पळता पळता थांबणं, वळणं, अंगावर माणूस असताना उडी, हे कोर्टवरच करावं लागतं आणि आमच्या क्लबचं कोर्ट सिमेंटचं. मॅडम लिहून देतात, व्हिडिओ मागवतात, पण स्वतः येत नाहीत. खेळाडूंचं सेंटर म्हणून बोर्ड लावलाय तर एवढं हवं.

पैसे. सेशनचे ९००, पॅकेज घेतलं तर ७५०. आमच्या मेडिक्लेममध्ये ऑपरेशननंतरच्या ६० दिवसांचीच फिजिओ बसली, पुढचं सगळं खिशातून. बिलावर रजिस्ट्रेशन नंबर आणि सोबत सर्जनची चिठ्ठी पहिल्याच दिवशी मागून घ्या, रिसेप्शनवरची मुलगी आपणहून देत नाही.

आता आकडे ९२ आणि ९५ आहेत. सही मिळाली, तीही "आधी सराव सामने, पूर्ण मॅच नंतर" असं लिहून. रिबाउंडला ती पूर्वीसारखी सगळ्यांच्या वर जात नाही. सरांनी तिला रिंगखालून काढून बाहेर उभी केलीय, लांबून टाकायला शिकवतायत. ज्युनिअरची महाराष्ट्राची जर्सी काही तिच्या कपाटात येणार नाही. आता डोळा कॉलेजच्या टीमवर आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेवर आहे. तिथे निवड होईल का, हे मॅडमही सांगत नाहीत.

पाचपैकी चार तारे. पार्किंग नाही, स्कूटरच न्या. पहिल्या भेटीला एमआरआयच्या फिल्म, ऑपरेशनच्या नोटची झेरॉक्स, गुडघ्याच्या वर राहील अशी शॉर्ट्स आणि खेळायचे बूट. चपलेवर आलेल्यांची उडी मोजत नाहीत.