मानकुरादची कलमं आणली त्या नर्सरीबद्दल (फोंडा)

जूनच्या शेवटी फोंड्याजवळच्या एका नर्सरीतून मानकुराद आंब्याची चार कलमं आणली, 350 रुपयाला एक. महाग वाटली, पण आमच्या घरी आधी काय झालं ते सांगतो. बाबांना एका झाडाचे मानकुराद इतके आवडलेले की त्यातलाच बाठा (कोय) डिचोलीच्या घरामागे लावला, नऊ वर्षांनी झाड धरलं आणि फळ आंबट, नुसते धागे. बाबा अजून जमिनीलाच दोष देतात.

नर्सरीवाले काका म्हणाले जमिनीचं काय नाही, आंब्याचा गर सगळा आईच्या झाडाचा म्हणून चव मानकुरादची, पण आत जे रोप असतं त्याचे अर्धे जीन्स आईचे नि अर्धे बापाचे, आणि बाप म्हणजे माशीने ज्याचे पराग आणले ते झाड, शेजारचं रायवळ, म्हणजे बाठ्यातून उगवलेलं गावठी झाड, पण असू शकतं.

मुलगा बरोबर होता, त्याने विचारलं मेंडेलने गोल नि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला, त्याच्या दुसऱ्या पिढीत तर 5474 गोल नि 1850 सुरकुतलेले, बरोबर तीनास एकच्या जवळ, मग आंब्यात हिशोब का लागत नाही? काका एकदम खूश. वाटाणा स्वतःच्याच परागावर धरतो म्हणून मेंडेलला शुद्ध वाण मिळाले, आणि त्याने एकेक सुटा गुण बघितला. आंब्यात एकाच जीनच्या दोन प्रती बऱ्याचदा वेगळ्या असतात, त्यातली कुठली बाठ्यात उतरेल सांगता येत नाही, शिवाय गोडी काय एका जीनवर ठरत नाही. म्हणून एकाच झाडाचे दोन बाठे पण सारखे निघत नाहीत, सख्ख्या भावंडांसारखं.

कलमात हा प्रश्नच येत नाही, वर जोडलेली काडी ज्या झाडाची तेच झाड परत, खाली मुळांचा खुंट फक्त रायवळाचा. काड्या घेतात ते झाड त्यांनी मागे नेऊन दाखवलं, मला हे सगळ्यात आवडलं, बाकी ठिकाणी कोणी दाखवत नाही.

तक्रार दोनच. लेबलं मार्करने लिहिलेली, पहिल्याच पावसात धुऊन गेली. आणि जोडाच्या खालून फूट आली तर लगेच खुडायची हे आम्हाला फोन करून विचारावं लागलं, ती ठेवली तर रायवळच वाढतं आणि कलम मरतं. एक कलम मेलं ते मात्र बदलून दिलं.

त्यांच्याकडे रत्ना पण आहे, नीलम आणि हापूसचा संकर, 1981 सालचा, हापूससारखा साका (गरातला स्पंजासारखा खराब भाग) त्यात होत नाही. पुढच्या पावसात एक नेणार, बाबांच्या त्या झाडाशेजारी लावायला.