अठरा गेज म्हणजे जास्त जाड, असं मला वाटलं होतं

हत्यारांसाठी बांधलेल्या नव्या शेडमध्ये टेबलाचा कोपरा लोखंडी पाईपच्या खांबाला बोल्टने आवळून त्यावर बेंच व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट पकडून धरणारा शिकंजा, बसवायचा होता. खांबात भोक पाडायला घेतलं. दोन मिलिमीटर जाड लोखंडातून ड्रिल जायला थोडा जोर लागतो, बिट तापतं, कीस निघतो. इथे मी सवयीने जोर लावला आणि बिट इतक्या पटकन आत गेलं की माझा हात ड्रिलसकट खांबावर आपटला. मग माळ्याखालच्या एका आडव्या पाईपचं टोक ग्राइंडरने उघडलं आणि काठाला वर्नियर लावला. १.२ मिमी.

तोवर शेड बांधून दोन महिने झाले होते आणि सगळे पैसे देऊन झाले होते.

दहा बाय बाराची खोली. ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, कटर, टेबलावरचं ड्रिल मशीन, शिवाय वर्षानुवर्षं जिन्याखाली आणि पलंगाखाली कोंबलेल्या हत्यारांच्या पेट्या, हे सगळं एका छपराखाली यावं, एवढीच अपेक्षा होती. कागदावर आराखडा मीच काढला होता. कुठलं मशीन कुठे, प्लग किती उंचीवर, दार बाहेर उघडणारं की आत, यावर तीन आठवडे घालवले. पाईपच्या जाडीवर तीन मिनिटंही नाही.

तीन ठेकेदारांकडून भाव मागवला होता. दोघांनी लोखंडाचा दर किलोवर सांगितला, तिसऱ्याने चौरस फुटावर, मालासकट. तिसरा बराच स्वस्त पडत होता. मी विचारलं, ‘जाडी तीच ना?’ तो शांतपणे म्हणाला, ‘त्यांनी चौदा गेज लावलंय साहेब, मी तुम्हाला अठरा देतो.’

मी खूश. चौदापेक्षा अठरा मोठा.

गेजचा आकडा उलटा चालतो, हे मला माहीत नव्हतं. आकडा वाढला की जाडी कमी होते. चौदा गेज म्हणजे साधारण दोन मिमी, सोळा म्हणजे १.६, आणि अठरा म्हणजे १.२. म्हणजे त्या माणसाने मला खोटं एक अक्षरही सांगितलं नव्हतं. मी चुकीचं समजतोय हे त्याला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, आणि त्याने ते तसंच राहू दिलं. उघड खोटं बोलला असता तर मला इतका राग आला नसता.

कोटेशनवर ‘५० बाय ५० हेवी पाईप’ एवढंच होतं. हेवी हे माप नाही. पण तेव्हा तो शब्द वाचून बरं वाटलं होतं.

माल आला त्या दिवशी मी हुशारी दाखवत टेप घेऊन उभा होतो. बाहेरचं माप ५० बाय ५०, बरोबर. लांबी सहा मीटर, बरोबर. नग बारा, बरोबर. तो स्वतः म्हणत होता, ‘मोजून घ्या साहेब, नंतर वाद नको.’ मला जे मोजता येत होतं ते त्याने आनंदाने मोजू दिलं. त्याचा एक पोरगा दोन-दोन पाईप एकदम खांद्यावर टाकून आत आणत होता आणि मी मनात म्हणत होतो, काय ताकद आहे! दोन मिमीचा सहा मीटर पाईप जवळजवळ १८ किलो भरतो, १.२ मिमीचा ११. बारा पाईपमागे ८४ किलो लोखंड माझ्या डोळ्यांदेखत कमी आलं होतं. वर्नियर तेव्हा घरातच होता, कपाटात, डबीत. ज्या हत्यारांना जागा हवी म्हणून शेड बांधत होतो, त्यातलंच ते एक.

चौरस फुटाच्या दरात बारीक पाईपचा फायदा सरळ ठेकेदाराच्या खिशात जातो, हे आता कळतं. किलोच्या दरात त्याला बारीक माल लावून काही मिळत नाही. तिथे चोरी होते ती काट्यावर, त्यामुळे वजन आपल्यासमोर व्हायला हवं. दर चौरस फुटाचाच असला तरी एक पाईप वजनकाट्यावर ठेवायला काय हरकत होती? घरात माणसाचं वजन करायचा काटा असतो. पाईप उभा धरून काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. बस.

पाईपचं कळल्यावर मी कोब्याकडे, म्हणजे खालच्या काँक्रीटच्या जमिनीकडे, संशयाने बघू लागलो. ठरला होता चार इंच. दारापाशी आणि चारही कडांना चार इंच दिसतोही. ड्रिल मशीनच्या पायाचे बोल्ट ठोकायला मध्यभागी भोक घेतलं, तर दोन इंचांवर बिटबरोबर माती वर आली. काँक्रीट अडवायला कडेने लावलेल्या शटरिंगच्या फळीला लागून पूर्ण जाडी, आणि आत भराव चढवून ठेवलेला. भराव ठोकून बसवायचा धुम्मस नीट फिरवलेला नव्हताच, त्यामुळे एका कोपऱ्यात आता केसाएवढी चीर आहे आणि ती वाढते आहे.

याचाही पुरावा माझ्याकडेच पडून होता. सिमेंटची रिकामी पोती उपयोगी पडतील म्हणून मी घडी घालून ठेवली होती. चार. एवढ्या जागेला चार इंच कोबा १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणात घालायचा तर सात पोती लागतात. रोज ती घडी बघत होतो आणि एकदाही मोजली नाही.

ठेकेदाराला फोन केला. उचलला, नाही असं नाही. ‘पन्नास बाय पन्नास ठरलं होतं, तेच दिलंय. अठरा गेज मी तोंडाने सांगितलं होतं, आठवा.’ आठवत होतं, तीच तर अडचण. कोब्याबद्दल म्हणाला, जमीन खचली असेल. पत्रे चढायच्या आधीच मी नव्वद टक्के रक्कम देऊन बसलो होतो, ‘माल उचलायचाय’ या एका वाक्यावर. उरलेले दहा टक्के रंगाच्या दिवशी दिले. अडवून धरायला हातात काही ठेवलंच नव्हतं.

शेड पाडली नाही. नुसतं छप्पर पेलायला एवढ्या लहान खोलीत तो सांगाडा चालून जातो, असं एका जाणत्या वेल्डरने बघून सांगितलं, पण फळ्या आणि माळा त्याला टांगू नका म्हणाला. दोन्ही लांब बाजूंना तिरप्या पट्ट्या मारून घेतल्या. जड पेट्यांचे रॅक आता स्वतःच्या पायांवर जमिनीवर उभे आहेत, खांबाला फक्त कलू नयेत म्हणून बांधलेले. ड्रिल मशीनखालचा कोबा कापून तेवढ्या जागी फूटभर खोल नवा काँक्रीटचा ठोकळा घातला. व्हाइस त्याच्याच शेजारी, वेगळ्या स्टँडवर.

तुमचं काम अजून सुरू व्हायचं असेल तर जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. गेज नको, हेवी-मीडियम नको. पाईपच्या टोकांना टोपण लावून रंग मारण्याआधी प्रत्येक टोकाला वर्नियर लावा. एकदा टोकं बंद झाली की बाहेरून सगळे पाईप सारखेच दिसतात. कोबा ओतायच्या आधी मध्यभागी दोन-तीन सळ्या ठोकून त्यांवर चार इंचांची खूण करा आणि ओतताना समोर उभे राहा. चहा करायला आत गेलात तर परत येईपर्यंत खूण बुडालेली असेल, आणि खाली काय आहे ते कोणी सांगणार नाही.

शेड आधीच उभी असेल आणि शंका येत असेल, तर टोपण कापायची गरज नाही. न दिसणाऱ्या जागी, खांबाच्या आतल्या बाजूला, तीन मिमीचं भोक पाडा. बारीक तारेचं टोक काटकोनात वाकवून आत घाला, आतल्या काठाला अडकवून ओढून धरा, पृष्ठभागापाशी तारेवर खूण करा आणि वाकापासून खुणेपर्यंतचं अंतर मोजा. त्यातून तारेची जाडी वजा करायला विसरू नका, नाहीतर पाईप आहे त्याहून जाड निघेल आणि उगीच समाधान वाटेल. मग भोक लांबीने (पुट्टीने) बुजवून वर रंगाचा हात मारा. उघडं राहिलं तर ओल आत शिरते आणि पाईप आतून गंजू लागतो.