मॉक्सिफ्लॉक्सासिन 0.5% ड्रॉप: ऊसतोडीच्या हंगामभर वापरल्यावर

दिवाळीनंतर तोड सुरू झाली की डोळ्याला उसाची पात लागलेले पेशंट येऊ लागतात. या हंगामात होळीपर्यंत बुबुळावरच्या साध्या ओरखड्याला हाच अँटिबायोटिक ड्रॉप वापरला: एक थेंब, दिवसातून चारदा, पाच दिवस.

आधी एक गैरसमज. अँटिबायोटिक ड्रॉपने जखम भरत नाही. बुबुळाचा सगळ्यात वरचा थर, एपिथेलियम, जेमतेम 50 मायक्रॉन जाड असतो. कडेच्या पेशी सरकत येतात आणि उघडी जागा झाकतात. लहान ओरखडा 24 ते 72 तासांत बुजतो. तोवर जंतू आत शिरू द्यायचे नाहीत आणि त्या पेशींच्या वाटेतही यायचं नाही, एवढंच ड्रॉपकडून हवं असतं.

दुसऱ्या अपेक्षेत बरेच ड्रॉप कमी पडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक आम्लधर्मी द्रावणात विरघळलेलं असतं. वारंवार घातलं तर अश्रूंत मिसळून ते पांढऱ्या थरासारखं जखमेवरच साचतं. पेशंटला वाटतं फूल पडलं. ड्रॉप बंद केल्यावर तो थर जातो, पण तोवर खालची जखम नीट दिसत नाही. अल्सरसाठी, म्हणजे बुबुळावरच्या जंतू शिरलेल्या जखमेसाठी, नेहमीपेक्षा तीव्र (14 मिलिग्रॅम प्रति मिली) करून घेतलेलं जेंटामायसिन किंवा टोब्रामायसिन ही अँटिबायोटिकं दिवसेंदिवस तासातासाला चालू राहिली तर पेशीच दुखावतात. मग फ्लोरेसिन हा रंग लावून निळ्या उजेडात पाहिलं की बारीक हिरवे ठिपके दिसतात. जखम भरत नाही म्हणून ड्रॉप वाढवले जातात, तेव्हा खरं तर कमी करायचे असतात. ही चूक शिकलेल्यांकडूनही होते.

मॉक्सिफ्लॉक्सासिनचा हा त्रास कमी जाणवला. थोडं चुरचुरतं, घशात कडू लागतं. मात्र लेबल वाचूनच घ्या. औषध तेच, पण एखाद्या बाटलीत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकवणारं रसायन (प्रिझर्व्हेटिव्ह) असतं. ते साबणासारखं पेशींवर काम करतं आणि भरणं लांबवतं.

थेंब एकच घाला. पापणीच्या खोबणीत त्याहून जास्त मावत नाही, बाकीचं गालावर ओघळतं. दुसऱ्या औषधाचा ड्रॉप असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबला तर कडूपणाही कमी होतो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. उघडलेली बाटली महिन्याने टाकायची. पुढच्या वेळेसाठी जपून ठेवलेली बाटली हीच पुढची अडचण.

आता उणीव, आणि ती मोठी आहे: बुरशीवर हा ड्रॉप चालत नाही. पातीबरोबर फ्युझेरियम, ॲस्परजिलस अशा बुरशी आत जाऊ शकतात. तिसऱ्या दिवशीही खुपणं वाढतच असेल, किंवा पिसासारख्या कडांचा करडा डाग दिसला, तर खरवडून तपासणी हवी. नाटामायसिन 5% हा बुरशीवरचा ड्रॉप लागू शकतो, आणि ती बाटली हलवूनच वापरायची. मेडिकलवाला 'लाली लवकर जाईल' म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिसळलेला ड्रॉप देतो, तो तर पातीच्या जखमेला हातात घेऊ नका. लाली जाते खरी, बुरशी मात्र फोफावते. बधिर करणारा ड्रॉपही घरी नको. त्याने दुखणं थांबतं आणि जखमेचं भरणंही.

उशीर सगळ्यात महाग. नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासात ओरखड्यानंतर 18 तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉल 1% मलम सुरू झालेल्या एकालाही अल्सर झाला नाही. ते मलम तर मॉक्सिफ्लॉक्सासिनहून जुनं औषध. पात सकाळी लागली असेल तर संध्याकाळपर्यंत तपासून औषध सुरू व्हावं. फडातलं काम उरकेपर्यंत थांबू नये.